काहीच्या काही, पण नियमाने : ‘दि अ‍ॅव्हेंजर्स’ची असंभाव्यता

रहस्यकथेबद्दल मराठीत गंभीरपणे लिहायचे ठरले की पहिला आक्षेप येतो तो संभाव्यतेचा. ‘असे कधी घडेल का?’ हा एक प्रश्न विचारला की बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर पुस्तकांचा निकाल एका वाक्यात लागतो. हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे, असे माझे मत आहे. ते तपासण्यासाठी मी मुद्दाम असंभाव्यतेचे टोक गाठलेली एक मालिका निवडली. ब्रिटनच्या आयटीव्हीवर १९६१ ते १९६९ या काळात चाललेली ‘दि अ‍ॅव्हेंजर्स’. आजच्या तरुण वाचकाला या नावाने मार्व्हलचे अतिमानव आठवतील. त्यांचा हिच्याशी काही संबंध नाही.

मालिकेचे एकूण १६१ भाग झाले. पहिल्या वर्षाचे बहुतेक भाग नष्ट झाले असून त्यातले तीनच पूर्ण स्वरूपात उरले आहेत. उपलब्ध भाग मी क्रमाने पाहिले आणि प्रत्येकाचे एक कार्ड केले. कार्डावर रकाने चार : खून कसा झाला, कट कोणाचा, पोलीस कुठे होते आणि शेवटी कोण हसले. १९६५ नंतरच्या कार्डांवर तिसरा रकाना जवळजवळ कोराच राहिला. या कोऱ्या रकान्यापासूनच माझे विवेचन सुरू होते.

सुरुवातीला ही मालिका अशी नव्हती. डॉक्टर डेव्हिड कील याच्या वाग्दत्त वधूला अमली पदार्थांची टोळी गोळी घालते आणि तो जॉन स्टीड नावाच्या गूढ माणसाच्या मदतीने सूड घेतो. मालिकेचे नाव त्या सुडावरून पडले. डॉक्टरचे काम करणारा इयन हेंड्री मालिका सोडून गेला, पॅट्रिक मॅक्नीचा स्टीड राहिला, आणि पुढे त्याच्या जोडीला एकामागून एक स्त्रिया आल्या. १९६५मध्ये चित्रीकरण व्हिडिओटेपवरून फिल्मवर गेले, अमेरिकी बाजारपेठ खुली झाली आणि लेखनाची सूत्रे ब्रायन क्लेमेन्स यांच्याकडे आली. मालिका जसजशी वास्तवापासून दूर गेली, तसतशी ती अधिक लाडकी झाली.

या काळातल्या कथा पाहा. एक माणूस उघड्या शेतात बुडून मरतो. गावातला एक सुतार प्रलय येणार म्हणून नौका बांधत बसला आहे. मुळाशी निघते पाऊस पाडणारे यंत्र. दुसऱ्या एका भागात अख्खे खेडे खुनासाठी भाड्याने मिळते. बाहेरच्याने पैसे मोजावेत, शत्रूला तिथे आणून मारावे. गावकरी डोमिनो खेळत राहतात आणि कोणी काही पाहिलेले नसते. १९६८च्या एका भागात जुन्या रंगमंचावरचे विदूषक एका कंपनीच्या संचालकांना एकेक करून संपवतात. त्यात जॉन क्लीझ एक नोंदणी अधिकारी झाला आहे. प्रत्येक विदूषकाचा रंगवलेला चेहरा तो अंड्यावर काढून जपून ठेवतो. गंमत अशी की त्या भागातली सर्वांत अशक्य वाटणारी ही गोष्टच खरी आहे. इंग्लंडमध्ये विदूषकांच्या चेहऱ्यांची अशी अंड्यांवरची नोंद खरोखर ठेवली जाते.

या कथांना ‘काहीच्या काही’ म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण त्या नियमाने काहीच्या काही आहेत. सुरुवातीला विचित्र मृत्यू, मध्ये एखाद्या छंदाने झपाटलेला तज्ज्ञ, शेवटी कट उलगडणे आणि नायक-नायिकेची हलकीफुलकी थट्टा. रक्त दिसायचे नाही. स्टीडच्या हाती बोलर टोपी आणि छत्री. पिस्तूल अगदी क्वचित. महायुद्धात नौदलात असताना पुरेसे मरण पाहिले म्हणून मॅक्नीला पिस्तूल नको होते. अशक्य पण पटणारे हे शक्य पण न पटणाऱ्यापेक्षा बरे, हा अ‍ॅरिस्टॉटलचा विचार इथे चपखल लागू पडतो. नियम पाळला जातो म्हणून प्रेक्षकाला पटते.

मात्र या नियमांत आणखी एक नियम होता, आणि तो क्लेमेन्स यांनी मुलाखतींत स्वतःच सांगितला आहे. त्यांच्या इंग्लंडमध्ये गणवेशातला पोलीस दिसणार नव्हता आणि काळा माणूसही दिसणार नव्हता. कारण तसे कोणी दिसले तर ही दुनिया खऱ्या सामाजिक प्रश्नांच्या मापाने मोजावी लागेल. माझ्या कार्डावरचा कोरा रकाना हा असा ठरवून कोरा ठेवलेला होता. मालिका भरात होती ती वर्षे १९६५ ते १९६८. त्याच वर्षांत ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्धचे पहिले दोन कायदे झाले, केनियातून येणाऱ्या आशियाई नागरिकांसाठी दार अरुंद करणारा कायदा झाला आणि इनॉक पॉवेल यांचे कुप्रसिद्ध भाषणही झाले. स्टीडच्या स्वच्छ, रिकाम्या रस्त्यांवर याची सावलीही नाही.

अपवाद आहेत, पण ते बोलके आहेत. १९६६च्या एका भागात फैसलाबादेत, म्हणजे तेव्हाच्या लायलपुरात, जन्मलेले झिया मोहिउद्दीन दिसतात. ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या नाट्यरूपात डॉक्टर अझीझ केलेला हा समर्थ नट, इथे त्याला भूमिका मिळाली जनानखाना बाळगणाऱ्या राजपुत्राची. म्हणजे राजपुत्र चालतो, बसचा कंडक्टर चालत नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या भागात मात्र एक कर्नल इंग्लंडातच बसून आपण अजून आफ्रिकेतल्या वसाहतीत आहोत असे समजतो, आणि मालिका त्याला मनमुराद हसते. साम्राज्याच्या भ्रमावर ती हसू शकत होती. साम्राज्यातून आलेल्या माणसाला शेजारी म्हणून दाखवणे मात्र तिला जड गेले.

हे एवढेच सांगून थांबलो तर अन्याय होईल. ज्या भिंतीने काहींना बाहेर ठेवले, त्याच भिंतीच्या आत एका स्त्रीला मोकळी जागा मिळाली. ऑनर ब्लॅकमनच्या कॅथी गेलला सुरुवातीला मिळालेल्या काही संहिता पुरुष जोडीदारासाठी लिहिलेल्या होत्या. त्यातून नायकाच्या बरोबरीने बोलणारी आणि लढणारी बाई पडद्यावर आली. डायना रिगची एमा पील पुढे शास्त्र जाणते, तलवार चालवते, दोन माणसे आपटते आणि कोणाकडे त्याचा खुलासा देत नाही. वास्तवदर्शी नाटकाने आधी विचारले असते, ‘बाईला हे जमेल का?’ इथे काहीच संभाव्य असायचे नव्हते, म्हणून हा प्रश्नही कोणी विचारला नाही. पण कॅमेऱ्यामागे मात्र सगळे फार संभाव्य होते. आपल्याला कॅमेरामनपेक्षाही कमी पैसे मिळतात हे रिगला पहिल्या हंगामानंतर कळले. तिने ते जाहीरपणे बोलून दाखवले आणि वाढ मिळवली.

म्हणून माझे म्हणणे असे की, असंभाव्यता हा दोषही नाही आणि निरागस गुणही नाही. ती दारावरचा पहारेकरी आहे. कोणाला आत सोडायचे आणि कोणाला नाही, हे ती ठरवते. १९८५मध्ये दूरदर्शनवर गाजर खात गुन्हे उकलणारा करमचंद असो वा अर्नाळकरांचा काळा पहाड, त्यांना ‘असे घडेल का?’ एवढेच विचारून आपण सोडून देतो. त्याऐवजी विचारावे : हे घडावे म्हणून कोणाला दाराबाहेर उभे केले, आणि एरवी जिथे शिरता आले नसते तिथे कोण शिरले? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना रहस्यकथेतले हसू मावळत नाही. ते कोणाच्या खर्चाने आले, एवढे कळते.