दोन प्रश्नार्थक शीर्षके : ‘ड’ जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन आणि कर्करोग

आहार व कर्करोग यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्या वाङ्मयात लागोपाठच्या दोन वर्षांत प्रसिद्ध झालेले दोन निबंध शेजारीशेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. पहिला सेड्रिक व फ्रँक गारलँड या बंधूंचा, १९८० सालचा. सूर्यप्रकाश व ‘ड’ जीवनसत्त्व यांमुळे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता घटते काय, असा त्याचा प्रश्न. दुसरा रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल व सहकारी यांचा, १९८१ साली ‘नेचर’मध्ये आलेला. आहारातील बीटा-कॅरोटीन कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय कमी करील काय, हा त्याचा विषय. दोन्ही शीर्षके प्रश्नार्थक आहेत. नंतरच्या अनेक आहारशास्त्रज्ञांनी त्यांतील प्रश्नचिन्ह मात्र फारसे जपले नाही.

गारलँड बंधूंचा मुख्य आधार नकाशाचा होता. अमेरिकेच्या ईशान्येकडील कमी उन्हाच्या राज्यांत या रोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण अधिक, तर नैर्ऋत्येकडील भरपूर उन्हाच्या प्रदेशात कमी. अतिनील किरणांमुळे त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते; तेव्हा रक्षण करणारे द्रव्य तेच असावे, अशी ही अनुमानाची साखळी. कल्पना मनोहर आहे. परंतु प्रदेशाप्रदेशांतील तफावत व्यक्तीविषयी फारच थोडे सांगते. ऊन बदलते तेथे अन्न, व्यवसाय आणि राहणीही बदलते. पेटो-डॉल यांची भूमिका अधिक सावध होती. बीटा-कॅरोटीन खरोखरच रक्षक असेल तर ते नियंत्रित प्रयोगाने तपासता येईल, असे त्यांनी स्वतःच नमूद केले होते.

तो प्रयोग फिनलंडमध्ये झाला. ५० ते ६९ वर्षे वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन देण्यात आले. १९९४ साली निष्कर्ष बाहेर आला : ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. विशेष म्हणजे, गोळ्या न मिळालेल्या गटात ज्यांच्या आहारात व रक्तात बीटा-कॅरोटीन मुळातच जास्त होते, त्यांना हा रोग कमी प्रमाणात झाला. एकाच प्रयोगात जुने निरीक्षण खरे ठरले आणि त्यावरून काढलेले अनुमान कोसळले! भाजी खाणारा मनुष्य आणि भाजीतून वेगळे काढलेले द्रव्य गिळणारा मनुष्य, ही दोन भिन्न प्रकरणे आहेत, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. अमेरिकेतील अशाच एका प्रयोगात बीटा-कॅरोटीनबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वही दिले जात होते. तो १९९६ साली मुदतीपूर्वी थांबवावा लागला.

‘ड’ जीवनसत्त्वाच्या वाट्याला असा अपघात आला नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात २५,८७१ व्यक्तींचा समावेश होता. रोज २,००० एकके घेणाऱ्यांत कर्करोगाचे ७९३ रुग्ण निघाले, न घेणाऱ्यांत ८२४. हे अंतर योगायोगाच्या मर्यादेतले. मात्र यातील बहुतेकांच्या रक्तात हे जीवनसत्त्व आधीपासूनच पुरेसे होते. त्यामुळे तीव्र न्यूनता असलेल्यांविषयीचा प्रश्न या प्रयोगाने मिटत नाही, आणि अस्थींसाठी असलेले ‘ड’ जीवनसत्त्वाचे महत्त्वही त्याने बाधित होत नाही.

वनस्पतींत कर्करोगनाशक द्रव्ये नाहीत, असा याचा अर्थ कोणी करू नये. १९५८ साली कॅनडात मधुमेहावरील गुणांसाठी सदाफुलीची तपासणी चालू असता विनब्लास्टीन हाती लागले, आणि आजही त्याचा उपयोग होतो. पण ते पेशींचे विभाजन रोखणारे विष आहे. वैद्याच्या देखरेखीखाली, मोजून, शिरेवाटे द्यावयाचे. सदाफुलीची भाजी करा, असे कोणी सांगत नाही. आहारविषयक लेखनात ‘वनस्पतिजन्य कर्करोगरोधक द्रव्य’ हा एकच शब्दप्रयोग गाजरालाही लावला जातो आणि सदाफुलीलाही. उपचार सोडून गोळ्यांच्या मागे लागणारा रुग्ण तो वाचतो तेव्हा दोहोंतील हा भेद त्याच्यासमोर नसतो.