पायाखालचे धन

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा शीवला घरी आला, तेव्हा त्याच्या हातात 'अल्केमिस्ट'ची जुनी प्रत होती; माटुंग्याला महेश्वरी उद्यानाजवळच्या फुटपाथवर घेतलेली. नोकरी सोडून द्यायचे त्याच्या मनात घोळत होते. "मामा, तुझ्या दृष्टांतपाठात असं काही आहे का?" त्याने विचारले. तेव्हा मी विषय टाळला. हा लेख म्हणजे त्याचे उशिरा दिलेले उत्तर.

पाउलो कोएलो यांचे हे पुस्तक १९८८चे. आंदालुसियातल्या सांतियागो या मेंढपाळाला पिरॅमिडजवळच्या खजिन्याचे स्वप्न पडते. मेंढ्या विकून तो निघतो, टँजियरमध्ये लुबाडला जातो, काचसामानाच्या दुकानात राबतो, वाळवंट ओलांडतो. शेवटी कळते ते असे की, खजिना तो पूर्वी निजत असे त्या पडक्या चर्चमध्येच आहे. हा कथाबंध जुना आहे. 'अरेबियन नाइट्स'मध्ये आणि रूमीच्या 'मसनवी'त बगदादचा माणूस असाच कैरोला जातो आणि घरातल्या धनाची बातमी घेऊन परततो.

केशोबासांनी चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत ज्या पद्धतीने मांडले, ती पद्धत इथे उपयोगी पडते. आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. हत्ती चाचपणारे आंधळे गोष्टीत फक्त हत्ती चाचपतात. त्याचा अर्थ काय, हे ते सांगत बसत नाहीत. अर्थाला वेगळी जागा दिल्यामुळे गोष्ट गोष्टच राहते.

कोएलो यांच्याकडे ही विभागणी नाही. तिथे म्हातारा राजा आणि किमयागार गोष्टीच्या आतूनच दार्ष्टांतिक सांगू लागतात: मनापासून इच्छा धरा, सारे विश्व मदतीला येईल. भाच्याने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या त्या नेमक्या याच वाक्यांवर. माझ्या मते पुस्तकाचा सर्वांत कच्चा भाग हाच. रूपक वाचकाला शोधायला लावते. इथे शोधाआधीच उत्तर हातात येते.

दोन प्रसंग मात्र निर्मळ आहेत. एक काचवाल्याचा. मक्केला जायचे त्याचे स्वप्न आहे, पण ते पुरे झाल्यावर जगायचे कशासाठी, या भीतीने तो जात नाही. दुसरा अखेरचा. सांतियागोला मारहाण करणारा लुटारू त्याची टर उडवत सांगतो की, आपल्यालाही स्पेनमधल्या पडक्या चर्चमधल्या खजिन्याचे स्वप्न पडत असे, पण त्यापायी वाळवंट तुडवण्याइतके आपण मूर्ख नाही. आपण काय सांगून गेलो, हे त्याला कळतही नाही. तिथे कोणी उपदेश करत नाही, घटनाच बोलते.

छांदोग्य उपनिषदात याच्या जवळची दोन उदाहरणे आहेत. जमिनीत पुरलेल्या सोन्यावरून माणसे रोज ये-जा करतात. शेताची जाण नसल्याने त्यांना ते सापडत नाही. दुसरे गांधार देशातल्या माणसाचे. डोळे बांधून त्याला रानात सोडलेले असते. कोणीतरी पट्टी सोडून दिशा दाखवतो आणि मग तो गावोगाव विचारत घरी पोहोचतो. चालायचे त्यालाच, पण पट्टी सोडणारा आणि वाट सांगणारे दुसरे.

हे लिहिताना मला थोडे ओशाळायला झाले. गेली तीस वर्षे 'मी स्वतःच शिकलो' असे मी मिरवत आलो. पण दृष्टांतपाठ पहिल्यांदा हातात पडला, तो एका ग्रंथपालांनी न मागता काढून दिला म्हणून. आत्मशोधाच्या कथेतून हा दुसरा माणूस वगळला की उरतो तो अहंकार.

शीव म्हणजे गावाची हद्द. वाट विचारायची वेळ तिथेच येते. भाच्याला मी जा म्हटले नाही आणि राहा असेही नाही. एवढेच सांगितले की, राजाच्या वाक्यांवरच्या खुणा खोडून टाक आणि काचवाल्याचे प्रकरण पुन्हा वाच. ते त्याने वाचले. आता पुढच्या रविवारी तो पुन्हा येणार आहे, बोलायला.