‘कमाल’ या शब्दाचे वाचन

कारखान्यातील यंत्रनियंत्रणासाठी मायक्रोकंट्रोलर निवडताना मेगाहर्ट्‌झ व किलोबाइट यांची तुलना करण्याचा प्रघात आहे. वस्तुतः निवड फसते ती बहुधा उत्पादकाच्या माहितीपत्रकाच्या वाचनात; आणि तो प्रश्न आमच्या शास्त्राचा आहे.

आर्दुइनो उनोवरील एटीमेगा ३२८पी या आठ बिटांच्या चिपचे माहितीपत्रक पाहावे. प्रत्येक पिनसाठी दिलेला ४० मिलिअँपिअर हा आकडा तेथे ‘निरपेक्ष कमाल मर्यादा’ या शीर्षकाखाली येतो. हौशी मंडळी तोच पिनची ‘क्षमता’ म्हणून उद्धृत करतात. परंतु ते विधान अनुज्ञार्थी नाही, तो इशारा आहे: त्यापलीकडे चिपला कायमची इजा संभवते, त्या सीमेवर ती दीर्घकाळ ठेवली तरी विश्वसनीयता घटू शकते. ५ व्होल्टांच्या पुरवठ्यावर पिनच्या व्होल्टेजची हमी २० मिलिअँपिअरपर्यंतच दिलेली आहे. रिले चालवू पाहणाऱ्याने मध्ये ट्रान्झिस्टर घालावा, हे या वाक्यार्थातूनच निष्पन्न होते.

वेगाचेही तसेच. ‘२० मेगाहर्ट्‌झ’ आणि ‘१.८ व्होल्ट’ ही दोन्ही विधाने सत्य, पण एकत्र नव्हेत. २० मेगाहर्ट्‌झला किमान ४.५ व्होल्ट लागतात, १.८ व्होल्टांवर चारच मिळतात. पहिल्या पानावर सुटी नामे मांडली, की क्रियापदाबरोबर अटही गळते.

‘औद्योगिक’ हे विशेषण तर सर्वांत फसवे. मागणीच्या तक्त्यात त्याचा अर्थ उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअस, एवढाच. कारखान्यातील २४ व्होल्टांचे संकेत किंवा मोटारी सुरू होताना उठणारे विद्युत्-धक्के यांविषयी ते काहीच सांगत नाही. त्यांसाठी ऑप्टोकपलर व संरक्षक डायोड निवडणाऱ्यानेच योजावयाचे असतात.