स्वप्नातील चार पक्षी : अबोध मन आणि पालि वाङ्मय

जळगावाहून अजिंठ्यास जाणारे उपासक-उपासिका लेणे क्र. २ मधील महामायेच्या स्वप्नाच्या चित्रापुढे थांबतात. त्या स्वप्नातील श्वेत हत्तीचा अर्थ काय, असा प्रश्न जळगाव-धुळ्याकडील जिज्ञासू आम्हांस विचारतात. कार्ल युंग यांच्या मानसशास्त्राच्या आधारे त्याचे एक उत्तर दिले जाते : स्वप्नातील प्राणी म्हणजे स्वप्न पाहणाऱ्याच्याच अबोध मनातील सहजप्रवृत्ती. हे उत्तर पालि वाङ्मयाच्या कसोटीस कितपत उतरते, ते पाहू.

ते सर्वस्वी त्याज्य नाही. मिलिंदपञ्हात स्वप्नाची सहा कारणे दिली आहेत : वात, पित्त, कफ, देवतेचा प्रभाव, नित्याची सवय आणि पूर्वनिमित्त. शरीराचा व चित्ताचा वाटा परंपरेने ओळखला होता, हे यावरून दिसते.

तथापि अंगुत्तर निकायाच्या पञ्चक निपातात संबोधीपूर्वी बोधिसत्त्वास पडलेली पाच स्वप्ने आहेत. त्यांपैकी दोन येथे विचारात घेण्यासारखी आहेत. एकात काळ्या डोक्यांचे पांढरे किडे पायांवरून गुडघ्यांपर्यंत चढतात. दुसऱ्यात चार दिशांनी चार रंगांचे पक्षी येतात, पायांशी पडतात आणि सारे पांढरे होतात. फ्रॉइड यांच्या मते स्वप्नातील किडे हे लहान भावंडांचे प्रतीक. युंग यांच्या आत्मनिष्ठ अर्थपद्धतीने हे पक्षी बोधिसत्त्वाच्याच व्यक्तिमत्त्वाची अंगे ठरतील. सुत्त मात्र निराळे सांगते : किडे म्हणजे शरण आलेले श्वेतवस्त्रधारी गृहस्थ, पक्षी म्हणजे प्रव्रज्या घेऊन विमुक्ती साक्षात करणारे चार वर्णांचे लोक.

सारे मर्म एका शब्दात आहे. पालीत ‘वण्ण’ म्हणजे रंग, आणि ‘वण्ण’ म्हणजेच वर्ण. पक्ष्यांचे वेगळे रंग लोपतात, तेव्हा वर्णभेद लोपतो. या पक्ष्यांना केवळ मनाचे घटक मानले, तर संघातील वर्णलोप हा एका व्यक्तीच्या अंतर्मनातील समेट होऊन बसतो आणि समाज सुत्तातून नाहीसा होतो. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

आता हत्तीविषयी. बाबासाहेबांच्या ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ (१९५७) या ग्रंथातील महामायेच्या स्वप्नात हत्ती नाही. सुमेध नावाचा बोधिसत्त्व तिच्यापुढे येऊन, ‘माझी माता होशील काय’, असे विचारतो व ती आनंदाने होकार देते. तेथे प्राण्याच्या गूढाची जागा मातेच्या संमतीने घेतली आहे. अजिंठ्याच्या चित्रापुढे उभे राहताना वाचकांनी हा भेद ध्यानी ठेवावा.