'पाप' आणि 'अमंगळ' : मराठी बायबलची परिभाषा आणि समलिंगी संबंधांचा प्रश्न

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर शहाडनंतर आंबिवली हे स्थानक लागते. जवळच्या मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना २००९ साली बंद पडला. परंतु कारखानदारीच्या काळात कल्याणच्या परिसरात नाना प्रांतांतून येऊन जी वस्ती स्थिरावली, तिच्यात ख्रिस्ती कुटुंबेही होती. लॅटिन रीतीचे कॅथलिक येथे मुंबई महाधर्मप्रांतात मोडतात, सिरो-मलबार रीतीच्या श्रद्धावंतांसाठी १९८८ साली कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्या त्यांहून निराळ्या. अशा ठिकाणी बायबल एकाच भाषेत वाचले जात नाही. समलिंगी संबंध हे पाप आहे काय, असा प्रश्न एखाद्या घरात उपस्थित झाला, तर आधारासाठी मराठी प्रत उघडली जाते तशीच इंग्रजी प्रतही उघडली जाते. दोहोंत वचन एकच असते. पण दोन्ही प्रती एकच गोष्ट सांगत नाहीत. या तफावतीकडे धर्मचर्चेचे फारसे लक्ष जात नाही. साहित्यसमीक्षेने मात्र ते द्यायला हवे, कारण प्रश्न प्रथमतः संहितेचा आणि तिच्या भाषांतराचा आहे.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात दुराचाऱ्यांची जी यादी येते, तिच्यातील दोन ग्रीक शब्द या वादाच्या केंद्रस्थानी आहेत. पहिला 'मालाकोस', म्हणजे शब्दशः 'मऊ'. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात हाच शब्द तलम वस्त्रांसाठी आला आहे. दुसरा 'आर्सेनोकोइतेस' हा पौलापूर्वी आढळत नाही. लेवीय ग्रंथाच्या ग्रीक भाषांतरातील 'पुरुष' आणि 'शय्या' या अर्थांच्या शब्दांपासून तो घडला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये ल्यूथरने या दुसऱ्या शब्दासाठी मुलांना भ्रष्ट करणारा, अशा अर्थाचा शब्द योजला. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी सुधारित नव्या कराराने दोन्ही शब्द एकत्र करून त्यांच्या जागी 'समलिंगी व्यक्ती' या अर्थाचे एकच आधुनिक नाम बसवले. १९७१ च्या आवृत्तीत ते बदलण्यात आले आणि १९८९ मध्ये दोन शब्द पुन्हा वेगळे झाले. ज्या नामाचा येथे उपयोग झाला ते जर्मन भाषेत १८६९ साली घडवले गेले होते. पहिल्या शतकातील पत्रात एकोणिसाव्या शतकातील मनुष्यप्रकार अशा रीतीने शिरला.

बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी भाषांतराने ही वाट घेतलेली नाही. तेथे संभोगातील 'देणारा' आणि 'घेणारा' अशा दोन भूमिकांचे वर्णन येते. म्हणजे मराठी संहिता कृतीविषयी बोलते, एखाद्या मनुष्यजातीविषयी नव्हे. हा भेद लहान नाही. मात्र मराठी भाषांतरही निर्दोष ठरत नाही. 'मऊ' या अनेकार्थी शब्दाचा एकच अर्थ निश्चित करताना त्याने 'स्त्रीसारखे' असण्याचा निर्देश केला आहे. त्यामुळे 'बायकी' पुरुषाविषयी मराठी समाजात असलेली तुच्छता वचनाला येऊन चिकटते. ग्रीक नीतिविचारात स्त्रैणतेचा हा हिणकस अर्थ या शब्दाला होता हे खरे. पण विलास, आळस, मनोनिग्रहाचा अभाव असे त्याचे इतर अर्थही होते. भाषांतरात ते मिटले.

लेवीय ग्रंथातील निषेधाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. तेथील हिब्रू शब्द 'तोएबा'. निषिद्ध अन्न, मूर्ती, खोटी वजने या सर्वांना हिब्रू बायबल हाच शब्द लावते. उत्पत्तीच्या ग्रंथात तर इब्र्यांच्या पंक्तीला बसून जेवणे हे मिसऱ्यांच्या लेखी 'तोएबा' आहे. मराठीत नीतिसूत्रांतील खोट्या तागडीसाठी 'वीट' हा शब्द येतो आणि लेवीय ग्रंथातील पुरुषगमनासाठी 'अमंगळ'. मूळ शब्दाचे ऐक्य अशा रीतीने भंगले की वाचकाला दोन निषेधांची जात वेगळी वाटू लागते. खोट्या मापाने देव विटतो, एवढेच. पण अमंगळ म्हणजे विटाळ, शिवू नये असे काही. या शब्दामागे सोवळ्याओवळ्याचा आणि जातिव्यवस्थेचा शतकानुशतकांचा अनुभव उभा आहे. हिब्रू शब्दालाही शुद्धाशुद्धतेचे अंग आहेच. परंतु मराठीत ते अंग कृतीवरून माणसावर फार लवकर सरकते.

'पाप' या शब्दाचीही हीच कथा आहे. हिब्रूत नेम चुकणे, वाकडे होणे, बंड करणे अशा तीन क्रियांवरून पापवाचक शब्द आले आहेत. ग्रीक 'हामार्तिया'च्या मुळाशीही नेम चुकण्याचीच कल्पना आहे. १६१६ साली छापले गेलेले 'क्रिस्तपुराण' फादर स्टीफन्सने रचले तेव्हा ही कल्पना त्याला ओवीबद्ध मराठीत ओतावी लागली, आणि त्यासाठी हाताशी असलेला शब्द पाप-पुण्याच्या जमाखर्चातला होता. धर्मकल्पनांचा असा संसर्ग भाषांतरात अडथळा ठरतो, याची जाणीव पंडिता रमाबाईंना होती. मूळ भाषा शिकून, साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. १९२२ साली त्या निवर्तल्या आणि १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनने ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध केले. जमाखर्चातले पाप व्यक्तीच्या खात्यावर पडते आणि पापी माणसांचा एक वर्ग कल्पिता येतो. पौलाचा युक्तिवाद नेमका याच्या विरुद्ध आहे. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय समलिंगी संबंधांसह अनेक दुराचार मोजतो. वाचक मनातल्या मनात मान डोलावू लागतो. आणि दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच पौल न्याय करणाऱ्या त्या वाचकाकडे वळतो. यादी वाचकाला पकडण्यासाठी रचलेली आहे. पहिला अध्याय दुसऱ्यापासून तोडून वाचणे हे धर्मदृष्ट्या कसे आहे ते धर्मवेत्ते ठरवतील. वाङ्मयीन दृष्ट्या तो रचनेचा विपर्यास आहे.

याच अध्यायातील 'पारा फ्युसिन', म्हणजे 'निसर्गाविरुद्ध', या पदाचा मराठीतील प्रवास वेगळ्या मार्गाने झाला. १८६० साली संमत झालेल्या आणि १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम निसर्गक्रमाच्या भाषेत लिहिले गेले, आणि पोलिसांच्या व वृत्तपत्रांच्या मराठीत 'अनैसर्गिक' हा शब्द रूढ झाला. मराठी वाचक पौलाकडे येतो तेव्हा फौजदारी गुन्ह्याचा हा वास घेऊन येतो. पौलाने मात्र याच पत्राच्या अकराव्या अध्यायात, रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडाला कलम करणाऱ्या देवाच्या कृपेलाही हेच पद लावले आहे. पाप आणि गुन्हा यांतील अंतर धर्मसत्तेनेही मान्य केले आहे. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७७ वे कलम कायम ठेवले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार ठरवण्यास चर्चचा पाठिंबा नसल्याचे सांगितले. समलिंगी विवाहाला असलेला विरोध त्यांनी सोडला नाही. त्या खटल्यात काही ख्रिस्ती संघटना मात्र कलम टिकावे या बाजूने उभ्या होत्या. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञान व्यक्तींचे संमतीने झालेले संबंध गुन्ह्यातून वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. कायद्यातून गेलेला 'अनैसर्गिक' भाषेत मात्र राहिला आहे.

एवढ्याने परंपरागत शिकवण निकालात निघाली, असे मानणे उतावळेपणाचे होईल. ती शिकवण दोन-तीन शब्दांवर उभी नाही. स्त्री-पुरुष अशा निर्मितीची उत्पत्तीच्या ग्रंथातील कथा आणि मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात येशूने तिला दिलेला उजाळा, हा तिचा खरा पाया आहे. कॅथलिक चर्चची १९९२ ची धर्मशिकवण कृतीला सदोष मानते. समलिंगी ओढीला ती अव्यवस्थित म्हणते, तरी तिला पाप ठरवत नाही, आणि अशा व्यक्तींना आदराने वागवण्याचा आग्रह धरते. भाषांतरमीमांसा या सिद्धांताचा निवाडा करू शकत नाही. तिचे काम मर्यादित आहे : संहिता जे म्हणत नाही ते शब्दाच्या वजनाने तिच्या तोंडी घातले जात असेल, तर ते दाखवून देणे.

या कामासाठी लागणारी सामग्री मराठीतच आहे. तुकारामांनी 'अमंगळ' हा शब्द माणसाच्या विटाळावरून उचलून भेद मानणाऱ्या बुद्धीवर नेऊन ठेवला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त सर्वांत मोठे स्थित्यंतर घडते ते सोवळे गळून पडण्याचे. नव्या श्रद्धेचा स्वीकार त्यानंतर येतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात पेत्रही हेच शिकतो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने विटाळाच्या कल्पनेतून सुटण्याचा अनुभव इतक्या सामर्थ्याने मांडला असताना, त्याच भाषेतील धर्मग्रंथाच्या एका शब्दातून तो विटाळ परत यावा आणि तो घरातल्याच एखाद्या मुलावर पडावा, ही विसंगती उपेक्षिण्याजोगी नाही. त्या मुलाच्या आचरणाविषयी चर्च काय म्हणेल तो भाग वेगळा. पण तो मुलगा 'अमंगळ' आहे, असे मूळ संहितेने कोठेही म्हटलेले नाही.