राजद्रोह की धर्मश्रद्धा? : सेसिल आणि ॲलन यांच्या दोन पुस्तिकांची चिकित्सा

इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिच्या कारकिर्दीतील (१५५८-१६०३) कॅथलिक धोक्याचा इतिहास बहुधा कटांच्या क्रमाने सांगितला जातो. १५६९ चे उत्तरेकडील सरदारांचे बंड, १५७१ चा रिडॉल्फी कट, १५८३ चा थ्रॉकमॉर्टन कट, १५८६ चा बॅबिंग्टन कट आणि १५८८ चे स्पॅनिश आरमार ही मालिका इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. या मांडणीने धोक्याचे स्वरूप स्पष्ट होते. परंतु ज्यांना देहदंड झाला ते सर्व या धोक्यात सहभागी होते काय, हा प्रश्न मागे पडतो. समकालीनांनी मात्र तो अतिशय तीव्रतेने विचारला होता. राणीचा प्रमुख मंत्री विल्यम सेसिल (लॉर्ड बर्ली) याची 'द एक्झिक्युशन ऑफ जस्टिस इन इंग्लंड' ही १५८३ मधील पुस्तिका आणि तिला विल्यम ॲलन याने १५८४ मध्ये दिलेले उत्तर 'अ ट्रू, सिन्सिअर अँड मॉडेस्ट डिफेन्स ऑफ इंग्लिश कॅथलिक्स' यांचा विचार या दृष्टीने प्रस्तुत लेखात केला आहे. १९६५ मध्ये रॉबर्ट किंग्डन यांनी या दोन्ही पुस्तिका एकाच खंडात संपादित केल्या, हे उचितच झाले. कारण एकीवाचून दुसरी अपुरी वाटते.

सेसिलचे प्रतिपादन वरकरणी साधे आहे. इंग्लंडमध्ये कोणालाही श्रद्धेसाठी मृत्युदंड दिला जात नाही. दंड होतो तो राजद्रोहासाठी. या विधानाचा आधार म्हणजे पोप पाचवा पायस याचे फेब्रुवारी १५७० मधील फर्मान होय. या फर्मानाने एलिझाबेथला पाखंडी ठरवून बहिष्कृत केले आणि तिच्या प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मुक्त केले. अशा फर्मानाचा स्वीकार करणारा धर्मगुरू हा परकीय सत्तेचा हस्तक ठरतो, असे सेसिल म्हणतो. मेरी ट्यूडरच्या काळातील जुने बिशप पदच्युत झाले, तरी त्यांचे प्राण घेतले गेले नाहीत, याकडेही तो लक्ष वेधतो. मेरीच्या राजवटीत पाच वर्षांच्या आत सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जाळण्यात आले होते. त्या तुलनेत एलिझाबेथचे शासन सौम्य होते, हा त्याचा युक्तिवाद बिनतोड नसला तरी दुर्लक्षणीय नाही. ही पुस्तिका लॅटिनसह युरोपातील अनेक भाषांत प्रसिद्ध करण्यात आली. तिचा खरा वाचक लंडनपेक्षा परदेशी दरबारांत होता.

सेसिलची भीती काल्पनिक नव्हती, हे मान्य करावेच लागते. निकोलस सँडर हा कॅथलिक विद्वान पोपच्या पाठिंब्याने १५७९ मध्ये आयर्लंडमध्ये उतरला आणि तेथील बंडाला त्याने धर्मयुद्धाचे रूप दिले. परंतु याच ठिकाणी सेसिलच्या पुस्तिकेतील पहिली फट दिसते. सँडरचे कृत्य आणि एडमंड कॅम्पियनचे कृत्य एकाच मापाने मोजले जाते. कॅम्पियन १५८० मध्ये इंग्लंडमध्ये आला तो जेझुइट धर्मप्रचारक म्हणून. त्याचा अनन्वित छळ करूनही कटाचा विश्वसनीय पुरावा मिळाला नाही. धर्मांतर घडविणे हा राजद्रोह ठरविणारा १५८१ चा नवा कायदा हाताशी होता. तरीही त्याच्यावर खटला चालविण्यात आला तो तिसऱ्या एडवर्डच्या काळातील १३५२ च्या राजद्रोह कायद्याखाली, रोम व रीम्स येथे राणीच्या वधाचा कट केल्याच्या आरोपावरून. ही निवड सूचक आहे. नव्या कायद्याखाली शिक्षा झाली असती, तर ती श्रद्धेसाठीच झाली असे जगाने म्हटले असते. डिसेंबर १५८१ मध्ये टायबर्न येथे त्याला ठार करण्यात आले. दोन वर्षांनंतर सेसिलला लेखणी उचलावी लागली, यावरून या निकालाने युरोपाचे समाधान झाले नव्हते, हे उघड होते.

सेसिलच्या युक्तिवादाचा कणा म्हणजे कैद्यांना विचारले जाणारे प्रश्न. पोपने राणीला पदच्युत करण्यासाठी सैन्य पाठविले, तर तुम्ही कोणाच्या बाजूने लढाल? कॅथलिकांनी यालाच 'रक्तरंजित प्रश्न' असे नाव दिले. राणीच्या बाजूने निःसंदिग्ध उत्तर देणारे काही कैदी फाशीतून वाचले, ही गोष्ट शासनाच्या बाजूने सांगता येते. पण घडलेल्या कृत्याऐवजी न घडलेल्या प्रसंगाविषयीच्या मतावर मृत्यू अवलंबून ठेवणे म्हणजे अंतःकरणाचीच झडती घेणे होय. श्रद्धेला हात लावला नाही, हा सेसिलचा दावा येथेच ढासळतो. पुढे १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूचे इंग्लंडमधील नुसते वास्तव्यही राजद्रोह ठरले, तेव्हा पुस्तिकेतील भेद कायद्यानेच पुसून टाकला. यॉर्क येथील मार्गारेट क्लिथरो ही गृहिणी मार्च १५८६ मध्ये वजनाखाली चिरडून मारली गेली. तिच्यावर आरोप होता तो धर्मगुरूंना घरात आश्रय दिल्याचा. आरोपाला उत्तर देण्याचेच तिने नाकारले होते.

या कायद्याचा अर्थ मराठी अभ्यासकाला एका परिचित नावातून अधिक जाणवेल. 'क्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे याच पिढीतील इंग्रज कॅथलिक. १५७५ मध्ये ते रोम येथे जेझुइट संघात दाखल झाले आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये, कॅम्पियन इंग्लंडला पोहोचण्याच्या काही महिने आधी, गोव्यात उतरले. त्यांचे मित्र थॉमस पाउंड यांची दीर्घकाळ इंग्लंडमधील तुरुंगांतच गेली. १५८५ नंतर स्टीफन्स मायदेशी परतले असते, तर कोणत्याही कटाशिवाय ते राजद्रोही ठरले असते.

ॲलनचे उत्तर सेसिलच्या या दुबळ्या जागा अचूक हेरते. १५६८ मध्ये डुए येथे इंग्रज धर्मगुरूंसाठी महाविद्यालय स्थापन करणाऱ्या ॲलनला आपल्या विद्यार्थ्यांचे खटले तपशिलासह ठाऊक होते. कॅम्पियनच्या खटल्याची त्याने केलेली चिरफाड आजही पटते. मात्र पुस्तिकेच्या उत्तरार्धात तो पोपच्या राजांना पदच्युत करण्याच्या अधिकाराचे विस्ताराने समर्थन करतो, बायबल आणि मध्ययुगीन इतिहासातील दाखले देतो. आपले शिष्य निरुपद्रवी आहेत असे सांगायचे आणि सेसिलला ज्याची भीती वाटते ते तत्त्वही योग्यच ठरवायचे, ही कसरत शीर्षकातील 'सिन्सिअर' या शब्दाला शोभत नाही. शिवाय या काळात तो स्वतः इंग्लंडवरील स्वारीच्या योजनांत गुंतला होता, याबद्दल पुस्तिकेत अक्षरही नाही. १५८८ मध्ये, कार्डिनल झाल्यावर, त्याने इंग्रज प्रजेला राणीविरुद्ध उठावाचे उघड आवाहन केले आणि आपल्या हुतात्मा शिष्यांच्या बचावाची धार स्वतःच बोथट केली.

दोन्ही लेखक परस्परांचे शत्रू असले, तरी त्यांचे एका बाबतीत एकमत दिसते. पोप आणि राणी यांपैकी एकाचीच निवड शक्य आहे, असे दोघेही गृहीत धरतात. दोघांनाही अडचणीचा वाटणारा मनुष्य म्हणजे मिसाला जाणारा आणि तरीही राणीशी एकनिष्ठ असलेला सामान्य कॅथलिक. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८० मध्ये, परिस्थिती बदलेपर्यंत इंग्रज कॅथलिकांवर फर्मानाचे बंधन नाही, अशी सवलत दिली होती. सेसिलने तिच्यात केवळ कपट पाहिले. १५८१ पासून चर्चला न जाण्याचा दंड दरमहा २० पौंड झाला. तो सोसणाऱ्यांची बहुसंख्या १५८८ मध्ये आरमाराच्या बाजूने उठली नाही. राणीच्या कारकिर्दीत मृत्युदंड झालेल्या कॅथलिकांची संख्या १८० हून अधिक भरते. त्यांपैकी १२० हून अधिक धर्मगुरू होते.

या तिसऱ्या पक्षाला स्वतःचा आवाज मिळण्यास जानेवारी १६०३ उजाडावा लागला. तेव्हा १३ धर्मगुरूंनी, पोपचा आध्यात्मिक अधिकार न सोडता, कोणत्याही स्वारीविरुद्ध राणीचे रक्षण करण्याची लेखी ग्वाही दिली. दोन महिन्यांतच राणीचे निधन झाले. स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी रॉबर्ट ड्रुरी याला १६०७ मध्ये आणि रॉजर कॅडवॉलडर याला १६१० मध्ये, पहिल्या जेम्सच्या राजवटीत, नवी शपथ घेण्याचे नाकारल्यानंतर देहदंड झाला. गुन्हा तोच नोंदला गेला, राजद्रोह.