हिंगण्याचा शिक्षणप्रयोग : सुधारणा आणि तडजोड यांची एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शिक्षणसुधारणेचा इतिहास बहुधा संस्थांच्या स्थापनेच्या सनांतून आणि संस्थापकांच्या चरित्रांतून सांगितला जातो. या पद्धतीत सुधारणेचे यश ठळकपणे दिसते. ते यश मिळविण्यासाठी कोणती तडजोड करावी लागली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न मात्र मागे पडतात. पुण्यातील कर्वेनगर म्हणजेच पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या कार्याची ही भूमी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. एकाच कार्यातील तीन व्यक्तींनी आपापली आत्मकथने मागे ठेवली आहेत : कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’, त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) आणि बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८). ही तिन्ही एकत्र वाचली असता हिंगण्याच्या प्रयोगाचे जे स्वरूप दिसते, त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले व पुढील वर्षी पुण्यात आले. तेथील धर्मविषयक वादामुळे १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागार संस्थेपासून दूर झाले. त्याच वर्षी कर्वे यांनी शारदासदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई (विवाहानंतर आनंदीबाई) यांच्याशी विवाह केला आणि मुरूड येथे सामाजिक बहिष्कार सोसला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली ती अशा अविश्वासाच्या वातावरणात. १९०० साली आश्रम हिंगण्यास गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून कर्वे पायी हिंगण्यास जात असत, ही गोष्ट महाराष्ट्राला परिचित आहे.

या काळात कर्वे यांनी घेतलेला निर्णय महत्त्वाचा आहे. पुनर्विवाहाची चळवळ आणि विधवांचे शिक्षण ही दोन कार्ये त्यांनी एकमेकांपासून वेगळी केली. पुनर्विवाहाला विरोध असणाऱ्या कुटुंबांनीही आपल्या मुली शिकण्यास पाठवाव्यात, हा त्यामागील हेतू होता. व्यवहारदृष्ट्या तो सफल झाला, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

तीन कथने, तीन दृष्टी

‘आत्मवृत्ता’चा नायक एका अर्थाने कर्वे नसून संस्था आहे. संयमित, हिशेबी आणि आत्मगौरव टाळणारे हे लेखन आहे. परंतु जो लेखक स्वतःला बाजूला ठेवतो, त्याच्याकडून आपल्याबरोबर घरच्या माणसांनाही बाजूला ठेवले जाते. ‘माझे पुराण’ नेमकी ही रिकामी जागा भरून काढते. बायांच्या घरगुती, बोलक्या निवेदनात संसाराची ओढाताण आणि बहिष्कृत कुटुंबाचे एकाकीपण येते. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, ज्या विवाहामुळे कर्वे सुधारक म्हणून ओळखले गेले, त्याच विवाहामुळे बायांना प्रारंभीच्या काळात आश्रमापासून दूर राहावे लागले. पुनर्विवाहितेचा वावर विधवाश्रमात असल्यास समाजाचा विश्वास उडेल, अशी भीती होती. विधवांच्या उद्धारासाठी उभ्या राहिलेल्या संस्थेत स्वतःचा उद्धार करून घेतलेली स्त्री अडचणीची ठरली, हा विरोधाभास ‘माझे पुराण’ वाचल्याशिवाय पूर्णपणे उमगत नाही. वसंत कानेटकरांना ‘हिमालयाची सावली’ (१९७२) या नाटकाची वस्तू याच संसारात सापडली, हे लक्षणीय आहे.

पार्वतीबाईंचे उदाहरण वेगळे आहे. केशवपन झालेली विधवा म्हणून त्या संस्थेसाठी निधी गोळा करीत गावोगाव फिरल्या, पुढे केशवपनाची रूढी त्यांनी स्वतः सोडली आणि अमेरिकेत घरकाम करून इंग्रजी शिकण्याची जिद्द दाखविली. असे असूनही स्त्रीशिक्षणाचे ध्येय त्या गृहिणीपद व मातृत्व यांतच पाहतात. त्यांचे आयुष्य त्यांच्या विचारांच्या पुढे गेलेले दिसते.

तडजोडीची चौथी बाजू या तिन्ही ग्रंथांबाहेर आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी आपली बहीण जनाक्का हिला आश्रमात प्रवेश मिळावा म्हणून प्रयत्न केला. ती ब्राह्मणेतर असल्याने तो मिळाला नाही. कर्वे यांची वैयक्तिक वृत्ती जातीय नव्हती. त्यांनी पुढे १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला. म्हणूनच हे उदाहरण अधिक बोलके आहे. समाजाचा विश्वास टिकविण्याच्या धोरणात ‘समाज’ म्हणजे कोण, हे आधीच ठरून गेले होते.

वेगळे विद्यापीठ, वेगळा अभ्यासक्रम

जपानमधील महिला विद्यापीठाविषयीची पुस्तिका कर्वे यांच्या वाचनात आली आणि डिसेंबर १९१५ मध्ये सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये ते सुरू झाले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या १५ लाख रुपयांच्या देणगीनंतर त्यास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले.

या योजनेत तीन कल्पना एकत्र गुंफलेल्या होत्या : मातृभाषेतून उच्च शिक्षण, स्त्रियांसाठी स्वतंत्र संस्था आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम. पहिली कल्पना काळाच्या पुढे होती. दुसरीने ज्या घरांतून मुली अन्यथा बाहेर पडल्या नसत्या, त्यांना वाट करून दिली. तिसरी कल्पना मात्र चिकित्सेस पात्र आहे. बहुसंख्य स्त्रियांना गृहिणीच व्हावयाचे आहे, हे गृहीत धरून गृहशास्त्र व आरोग्य यांना महत्त्व देण्यात आले. याउलट, पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी केली होती. त्यांच्या दृष्टीने शिक्षण हे स्त्रीला समाजात नवे स्थान देणारे साधन होते. विद्यापीठाच्या योजनेत ते तिच्या आहे त्या स्थानाला शोभा देणारे साधन ठरण्याचा धोका होता. शिवाय या विद्यापीठास कायद्याने मान्यता मिळण्यासाठी स्वातंत्र्योत्तर काळाची, १९४९ च्या अधिनियमाची, वाट पाहावी लागली. तोपर्यंत तेथील पदवी घेणाऱ्या स्त्रियांना अमान्य पदवीची अडचण सोसावी लागली. कर्वे यांनी इतर विद्यापीठांत जाणाऱ्या मुलींना विरोध केला नाही, हे त्यांच्या बाजूने अवश्य नोंदविले पाहिजे.

इतिहासाने या कल्पनांचा निवाडा वेगवेगळा केला. १९९१ मध्ये कर्वे यांच्याच संस्थेने कर्वेनगरात मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. संस्था स्वतंत्र राहिली. पण तेथील मुली शिकू लागल्या ते मुलांचेच गणित, मुलांचेच यंत्रशास्त्र. स्वतंत्र जागेची गरज टिकली, स्वतंत्र ज्ञानाची कल्पना गळून पडली. मातृभाषेचा आग्रह मात्र २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा मांडला गेला आहे. कर्वे यांच्या योजनेतील सर्वांत पुरोगामी भाग आजही अपूर्ण आहे, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

समारोप

तडजोडीशिवाय हिंगण्याचा आश्रम कदाचित उभाच राहिला नसता. त्यामुळे तडजोड केली म्हणून कर्वे यांना दोष देणे हे अनैतिहासिक ठरेल. परंतु तडजोड ही तात्पुरती युक्ती म्हणून स्वीकारली जाते आणि कालांतराने संस्थेची रचना बनते. तिचे ओझे ज्यांच्यावर पडते, ते निर्णय घेणाऱ्यांत नसतात. बाया, जनाक्का आणि अमान्य पदवी घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थिनी याची साक्ष देतात. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्वे यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केले. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ज्या वर्गाच्या शिक्षणाचा आग्रह धरला होता, त्या वर्गाकडे ते उतारवयात वळले. स्वतःच्या कार्याची मर्यादा ओळखून पुढचे पाऊल टाकणे हाच सुधारकाचा खरा कस होय. शिक्षणव्यवस्थेतील आजच्या प्रत्येक नव्या योजनेलाही हाच प्रश्न विचारला पाहिजे : ही योजना कोणाच्या विश्वासासाठी आखली आहे आणि त्यासाठी दाराबाहेर कोणाला उभे केले आहे?